दाते खाली, हात मोकळे

नवरात्र जवळ आले की पालघर-बोईसरच्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांच्या कठड्यांवर गोधड्या दिसू लागतात. घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचे, ही रीत चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या घरांतही टिकून आहे. वाळत घातलेल्या त्या ढिगात एखादी गोधडी आजीच्या हातची असते. आत जुनी धोतरे, वर लुगड्याचे काठ आणि कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत पोहोचलेला धावदोरा. ती घडी घालताना घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘आता एवढे कोण करत बसणार?’ आणि त्याच घरात, बहुतेक वेळा बेडरूमच्या कोपऱ्यात, शिलाई मशीन झाकण घालून ठेवलेले असते. त्यावर इस्त्रीचे कपडे, औषधांची पिशवी आणि नातवाचे दप्तर.

ते झाकण काढावे, असे सांगण्यासाठी हा लेख आहे. मात्र ते उसवलेले परकर शिवण्यासाठी काढायचे नाही आणि पिको-फॉलच्या ऑर्डरी घेण्यासाठीही नाही. निव्वळ मौजेसाठी काढायचे. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज सकाळी रांगेत उभे असते.

त्या रांगेत पंचेचाळीस ते साठ या वयाच्या बायका मोठ्या संख्येने असतात. अंग दुखते, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, डोके जड राहते. रक्ताचे प्रमाण, साखर, थायरॉइड, रक्तदाब यांच्या तपासण्या होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. काहींना आजार सापडतो, त्यावर उपचार सुरू होतात. पण काहींचे सगळे कागद नीट असतात आणि दुखणे तसेच असते. मग कॅल्शियमची गोळी, वेदनाशामक गोळी आणि ‘पंधरा दिवसांनी या’. रांग मोठी असल्याने एक प्रश्न बहुधा राहून जातो: दिवसभरात स्वतःसाठी काय करता? कधी एखाद्या डॉक्टरने तो विचारलाच, तर समोरून उलट प्रश्न येतो, ‘स्वतःसाठी म्हणजे?’

हा उलट प्रश्न कोणत्याही तपासणीत उतरत नाही. मुले शिकून पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेली. नवरा तारापूरच्या कारखान्यातून नाहीतर प्रकल्पातून निवृत्त झालेला, किंवा अजून डहाणू लोकलने मुंबई गाठणारा. रजोनिवृत्तीच्या काळातली अपुरी झोप. अशा दिवसांत हाताला काम पुष्कळ असते, पण त्यातले एकही असे नसते जे बाई स्वतः निवडते, जे तिला आज कालपेक्षा थोडे अधिक जमते आणि जे नाही जमले तरी कोणाचे काही बिघडत नाही. घरच्या मशीनवर मोकळ्या हाताने गोधडी शिवायला शिकणे हे नेमके तसे काम आहे.

मोकळ्या हाताने म्हणजे काय, हे आधी पाहू. एरवी मशीनवर कापड सरकवण्याचे काम सुईखालचे दाते करतात. ते वर येतात, कापडाला पकडतात, ठरावीक अंतर पुढे ढकलतात आणि खाली जातात. शिवणाऱ्याने फक्त कापड सरळ धरायचे. मोकळ्या हाताच्या शिलाईत हे दाते खाली उतरवतात. नव्या मशीनला त्यासाठी खटका असतो. जुन्या काळ्या मशीनला तो नसेल, तर दात्यांवर एम्ब्रॉयडरीची पातळ पट्टी बसवतात किंवा टाक्याची लांबी शून्यावर आणतात. कापड घट्ट दाबणारा नेहमीचा फूट काढून रफूचा, उड्या मारणारा फूट लावतात. आता कापडाला कोणी ढकलत नाही. सुई जागच्या जागी वर-खाली होत राहते आणि दोन्ही हात कापड पुढे, मागे, आडवे, गोल, हवे तसे फिरवतात. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला ज्याला मुक्तहस्त चित्र म्हणत, तेच हे. फरक इतकाच, की इथे पेन्सिल जागेवर उभी राहते आणि कागद फिरतो.

हा फरक मेंदूला फार जड जातो. टाका किती लांब पडेल, हे आता पायाचा वेग आणि हाताचा वेग यांच्या मेळावर ठरते. पाय हळू आणि हात भरभर चालला, तर लांबच लांब, ढिले टाके पडतात. पाय जोरात आणि हात अडखळला, तर एकाच जागी टाक्यांची गाठ होते, दोरा तुटतो. वळणावर हात जोरात फिरला, तर कापडाच्या मागच्या बाजूला दोऱ्याच्या पापण्या दिसू लागतात. पहिल्या दिवशी हे तिन्ही दोष एकाच वेळी होतात. बाई मशीनचे टेन्शन जुळवत बसते आणि तिचे स्वतःचे टेन्शन वाढत जाते.

इथेच बहुतेक जणी थांबतात. ‘माझा हातच वळत नाही’ असे म्हणून झाकण पुन्हा बसते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य चुकीचे आहे. हात वळत नसतो असे नाही. तो वळायला शिकण्याच्या पहिल्या पायरीवर असतो आणि ती पायरी अशीच दिसते.

कोणतेही हस्तकौशल्य शिकताना माणूस साधारण तीन टप्प्यांतून जातो, असे पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते, चुका पुष्कळ होतात आणि थकवा लवकर येतो. दुसऱ्यात चुका कमी होतात, हालचाली एकमेकींना जोडल्या जातात. तिसऱ्यात हात आपोआप चालतो आणि मन मोकळे होते. सायकल, पोळी लाटणे, स्कूटर, तबला, सगळ्यांचा रस्ता हाच. या प्रवासात लहान मेंदू एक महत्त्वाचे काम करतो. हात कुठे जायला हवा होता आणि प्रत्यक्षात कुठे गेला, यातला फरक तो मोजतो आणि पुढच्या हालचालीत दुरुस्ती करतो. म्हणजे वाकडा पडलेला टाका हा लहान मेंदूचा धडा असतो. चूक झालीच नाही, तर दुरुस्तीला काही उरतच नाही.

वय वाढले म्हणून हे शिकणे थांबत नाही. वेग कमी होतो, उजळणी जास्त लागते, पण वाट तीच राहते. सराव कसा करावा, याबद्दलही शास्त्र पुरेसे स्पष्ट आहे. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटे बसणे अधिक फळते. दोन सरावांच्या मध्ये झोप झाली, की मेंदू दिवसाची उजळणी पक्की करतो. काल न जमलेले वळण आज सकाळी बऱ्यापैकी जमते, तेव्हा त्यात चमत्कार नसतो. रात्रभर मेंदूने आपले काम केलेले असते.

पण शिकणे आणि शिकण्यात मजा वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या माणसांना नवे शिकताना मजा का येत नाही? कारण त्यांना हुशार असण्याची सवय झालेली असते. पंचवीस वर्षे घर चालवलेली बाई स्वयंपाकात, हिशेबात, नात्यागोत्यात तरबेज असते. मशीनपुढे ती अचानक पहिलीतली मुलगी होते. त्यातून मोबाइलवर दुसऱ्या कोणाची सुबक, एकसारख्या टाक्यांची रजई दिसते. ती पाहणारीला त्या रजईमागे फेकून दिलेले शंभर तुकडे दिसत नाहीत. समजा, घरातल्या सुनेने कौतुकाने विचारले, ‘आई, हे काय करताय?’ तर सासूबाई चटकन तुकडा मांडीखाली सरकवतात आणि म्हणतात, ‘काही नाही गं, मशीन चालतंय का ते बघत होते.’ हे लपवणे ओळखीचे आहे. साठीच्या बाईलाही चुकण्याची परवानगी कोणीतरी द्यावी लागते आणि ती बहुधा कोणी देत नाही.

मजेचा उगम कुठे असतो, याचा अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे केला. काम माणसाच्या ताकदीच्या मानाने फार सोपे असेल, तर कंटाळा येतो. फार अवघड असेल, तर धास्ती वाटते. दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीत, हात लगेच उत्तर देत असताना, माणूस घड्याळ विसरतो. मोकळ्या हाताची शिलाई या पट्टीत यायला एक साधी युक्ती पुरते: आधी कठीण नक्षी घ्यायचीच नाही. जुन्या साडीचे दोन तुकडे, मध्ये जुन्या ब्लँकेटचा तुकडा, पाटाएवढा चौकोन. त्यावर नागमोडी रेघ. स्वतःची सही. नातवाचे नाव. हा तुकडा गोधडीसाठी नाहीच, तो पुसणे म्हणून वापरायचा, हे आधीच ठरवून टाकायचे. निकालाची भीती गेली, की लक्ष हालचालीकडे वळते, आणि मजा तिथेच असते.

पालघर जिल्ह्याला तर नक्षी शोधायला लांब जाण्याची गरज नाही. वारली चित्रातला तारपा नाच डोळ्यांपुढे आणावा. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात घेतलेल्यांची उलगडत जाणारी साखळी. ती एकच सलग रेघ आहे, कुठेही न तुटता मध्यापासून बाहेर जाणारी. मोकळ्या हाताच्या शिलाईला नेमके हेच हवे असते: दोरा न तोडता चालत राहणारी रेघ. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतली मासेमारीची जाळी बारीक रेघांच्या धीम्या, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या हालचालींतूनच उभी राहते. त्यांची नक्कल करायची नाही, पण ‘एकसारखे नसले तरी चालते, सलग असले पाहिजे’ हा धडा त्यातून घेता येतो. आजीच्या धावदोऱ्याचे टाके तरी कुठे एका मापाचे होते? मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक लिहिले, ते अशाच साध्या हातांच्या कामावर.

काही बारीकसारीक गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी ठाऊक असाव्यात, म्हणजे उगाच हिरमोड होत नाही. उड्या मारणारा फूट कापडाला टेकलेला दिसत नसला, तरी मागचा दांडा खाली करावाच लागतो, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली दोऱ्याचे जाळे होते. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा. थर जाड असल्याने सुई चौदा किंवा सोळा नंबरची, नवी असावी. नजर सुईवर न ठेवता रेघ जिथे जायची आहे तिथे ठेवावी. स्कूटर चालवणारा पुढच्या चाकाकडे बघत नाही, तसेच हे. आणि श्वास सोडावा. नवशिका शिवताना श्वास रोखून धरतो, खांदे कानाला लावतो आणि वीस मिनिटांत मान धरून बसतो.

आता दाव्यांकडे. अशा छंदांविषयी बोलताना डॉक्टरांनीही तोल सांभाळायला हवा, कारण ‘अमुक करा आणि विसरभोळेपणा पळवा’ असे संदेश मोबाइलवर रोज फिरत असतात. गोधडी आणि मेंदू यांच्याबद्दल एक चांगला अभ्यास खरोखरच झाला आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. साठ ते नव्वद वयाच्या २२१ जणांचे त्यांनी गट केले. काहींनी मशीनवर गोधडीकाम शिकले, काहींनी डिजिटल छायाचित्रण, काहींनी दोन्ही. इतरांपैकी काही नुसते एकत्र जमून गप्पा-सहली करत, काही घरी बसून सोपी, ओळखीची कामे करत. तीन महिन्यांनंतर नवे आणि अवघड शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची स्मृती इतरांपेक्षा सुधारलेली आढळली.

पण अभ्यास पूर्ण वाचायला हवा. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा परिणाम अधिक ठळक होता. शिवाय ही मंडळी आठवड्याला पंधरा तासांहून अधिक वेळ, शिक्षकांच्या हाताखाली शिकत होती. रोज वीस मिनिटे मशीनवर बसून तेवढाच लाभ होईल, असे त्यातून म्हणता येत नाही. स्मृतिभ्रंश टळतो, असेही म्हणता येत नाही. मात्र एक गोष्ट त्यातून निश्चित घेता येते: नुसते मन रमवणे आणि नवे शिकण्यासाठी मनाला थोडे ताणणे यांचा परिणाम सारखा नसतो. विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांचे एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण २०१३ मध्ये ब्रिटनच्या व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात आले. जे जास्त वेळा विणत, ते स्वतःला अधिक शांत आणि आनंदी म्हणवत होते. पण ते आपणहून उत्तरे देणारे विणकाम-प्रेमीच होते. विणल्याने आनंद झाला की आनंदी माणसे जास्त विणतात, हे अशा सर्वेक्षणातून सुटत नाही.

मेंदूचे रक्षण करायचे असेल, तर आधीचे काम वेगळेच आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणे, दृष्टी कमी होणे, एकाकीपणा यांचा समावेश आहे. म्हणून गोधडीचा दोरा ओवण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. दोरा ओवता येत नसेल, तर चष्म्याचा नंबर काढावा. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, ही तर सर्वांची गोष्ट. ‘हात वळत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींची अडचण हातात नसून डोळ्यात असते. आणि मन दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मशीन हा त्यावरचा उपाय नव्हे. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते.

आणखी एक गोष्ट उघडपणे म्हणायला हवी. बोईसर-तारापूर हा कापडाचाही पट्टा आहे. औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद यांच्या बरोबरीने कापडाचे कारखाने आहेत. कारखान्यात आठ-दहा तास मशीनवर बसणाऱ्या किंवा घरी नगावर शिवणाऱ्या बाईला ‘छंद म्हणून थोडे शिवा’ असे सांगणे ही थट्टा होईल. तिच्या मानेला आणि मनगटाला विश्रांती हवी आहे, योग्य उंचीची खुर्ची हवी आहे, नगाला बरा दर हवा आहे. तिच्यासाठी मजा कदाचित चालायला जाण्यात असेल, भजनात असेल, नुसते पडून राहण्यात असेल. १९२४ मध्ये यंत्रांविषयीच्या एका संभाषणात गांधीजींनी शिलाई मशीनला अपवाद मानले होते, कारण बाईचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमातून ते जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. शंभर वर्षांत त्याच मशीनने किती घरांत कष्ट कमी केले आणि किती घरांत वाढवले, हा हिशेब कोणी मांडला नाही.

म्हणूनच छंदाला लगेच धंदा बनवण्याच्या घाईबद्दल सावध राहावे लागते. कोणी बाई दोन बरे तुकडे शिवते, तोच घरचे म्हणतात, ‘अगं, विक की हे!’ हेतू चांगला असतो. पैसा मिळणे वाईट नाही, अनेक बचत गटांच्या बायकांना त्यानेच उभे केले आहे. ज्या घराला त्या पैशाची गरज आहे, तिथे मौज आणि कमाई असा निवाडा बाहेरच्याने करू नये. पण जिथे गरज नाही, तिथेही बाईच्या प्रत्येक कौशल्याची किंमत लगेच रुपयांत काढली जाते. ऑर्डर आली की मुदत येते, मुदत आली की चूक परवडत नाही, आणि चूक परवडेनाशी झाली की वर सांगितलेली मजेची पट्टी संपते. निदान पहिले वर्ष तरी ते काम बिनकामाचे राहू द्यावे. नवऱ्याच्या क्रिकेट बघण्याला कोणी ‘यातून काय मिळते?’ असे विचारत नाही.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे, तर पुरुषांनी हे काम बायकांचे समजून दूर राहण्याचे कारण नाही. सातपाटीला किंवा दांडीला जाऊन पाहावे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्यांसोबत जाळ्यांचीही डागडुजी चालते. मोठ्या हातांचे, रापलेले पुरुष तासन्‌तास जाळ्याची फाटलेली घरे विणत बसतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. निवृत्त फिटर किंवा टर्नर मशीनचा खटका, पट्टी, टेन्शनचा स्क्रू हे सगळे बायकोपेक्षा लवकर ओळखील. निवृत्तीनंतर दुपारी काय करावे, हा प्रश्न पुरुषांच्या रक्तदाबातही दिसतो. एकाच मशीनवर दोघांनी पाळीपाळीने बसावे. भांडायला नवा विषय मिळेल, तोही बरा.

शरीराची काळजी थोडक्यात अशी. खुर्चीची उंची अशी असावी, की कोपर मशीनच्या पातळीला साधारण काटकोनात राहील. सुई नाकासमोर यावी, बाजूला वाकून बसू नये. दिवा समोरून किंवा डावीकडून. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून खांदे मागे फिरवावेत, खिडकीबाहेर लांब पाहावे. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तेव्हा सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना मोटरच्या पेडलवर किती दाब पडतो ते कळत नाही आणि मशीन एकदम धावते. त्यांनी वेग कमीवर बांधून ठेवावा, नाहीतर पायमशीन वापरावे. दम्याच्या रुग्णांनी जुन्या कपड्यांचा ढीग थेट फाडायला घेऊ नये. किनारपट्टीच्या दमट हवेत त्यात धुळीतले किडे आणि बुरशी वाढते. गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच कापड घ्यावे.

या शिलाईत फूट न लावता नुसत्या सुईवर शिवण्याचा मोह होतो, कारण नक्षी चांगली दिसते. नवशिक्याने तो टाळावा. बोट आणि सुई यांच्यात तेवढीच आड असते. सुई बोटात घुसलीच, तर बोट हिसकू नये. पाय पेडलवरून काढून, चाक हाताने फिरवून सुई वर घ्यावी. जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी. सुईचे टोक मोडून आत राहिल्याची शंका असली, तर एक्स-रे काढावा, आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगावे. सरकारी दवाखान्यात ती मिळते.

शेवटचा मुद्दा व्यवस्थेचा. ब्रिटनमध्ये २०१९ पासून सरकारी आरोग्यसेवेने अशी माणसे नेमायला सुरुवात केली, की जी डॉक्टरांनी पाठवलेल्या रुग्णाला बागकाम, गायन, हस्तकला अशा स्थानिक गटांशी जोडून देतात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य यांवरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत किंवा नवा निधी लागणार नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग घेतले जातात. त्याच चटईवर महिन्यातून दोन दुपारी दोन मशीन ठेवता येतील. गावातली शिवण शिकवणारी बाई, आशाताई, बचत गट हे सगळे आधीच आहेत. रक्तदाब तपासायला आलेल्या बायका तासभर जास्त थांबतील, एकमेकींचे वाकडे टाके बघून हसतील. ज्या घरात एकट्या पडल्या होत्या, त्या घराबाहेर पडतील. यात गोधडी किती आणि सोबत किती, हे वेगळे काढण्याची गरज नाही. वेदनाशामक गोळ्यांचा खप त्याने थोडा जरी घटला, तरी तेवढी मूत्रपिंडे आणि जठरे वाचतील.

तोवर घरातल्या माणसांना एक करता येईल. मशीनवरचे दप्तर आणि औषधांची पिशवी उचलून दुसरीकडे ठेवावी. बाई मशीनपुढे बसली, की तिची वीस मिनिटे चहासाठी मोडू नयेत. तिने तुकडा दाखवला, तर ‘कशासाठी?’ असे न विचारता वळण कुठे छान आले आहे ते बघावे. पुढच्या नवरात्राआधी त्या कठड्यावर आजीच्या गोधडीशेजारी एक नवी गोधडी वाळत असेल. तिचे टाके कुठे लांब, कुठे आखूड असतील, एका कोपऱ्यात दोऱ्याची गाठ असेल. थंडीत ती पांघरणाऱ्याला त्याने काही फरक पडणार नाही.